पॅडल नसलेला ब्रेक

गाडीचा ब्रेक बिघडू लागला की ते सगळ्यात आधी पायाला कळतं. पॅडल बोटभर खोल गेलं, नरम लागलं, की चालवणारा मनाशी नोंद करतो आणि येत्या रविवारी गॅरेज गाठतो. बोटीच्या ट्रेलरला पॅडलच नसतं. पुढच्या गाडीने वेग कमी केला की मागचा ट्रेलर स्वतःच्या वजनाने तिच्यावर रेटा देतो. त्या रेट्याने कपलिंगचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्याचा, आतला भाग मागे सरकतो, एक दांडी मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलते आणि ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांवाटे चाकांपर्यंत पोचतो. या सगळ्यात माणसाचा पाय कुठेच येत नाही. म्हणूनच ब्रेक निम्मा गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. गाडी आज थांबायला जरा जास्त अंतर घेतेय एवढंच जाणवतं, आणि त्याचं खापर ओल्या रस्त्यावर फोडलं जातं. मागे दीड टन वजन असताना एवढ्यावर भागत नाही.

या ब्रेकची दुरुस्ती अवघड नाही. अवघड आहे ते दुखणं ओळखणं. पाय लागत नाही त्या ब्रेकला हाताने आणि डोळ्यांनी तपासावं लागतं, आणि ती सवय आपल्याकडे कमी आहे. बहुतेक वेळा मेकॅनिकला एवढंच सांगितलं जातं, ‘हवा काढून दे,’ म्हणजे नळ्यांत शिरलेली, ब्रेक नरम करणारी हवा. तो हवा काढून देतो, महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. बंद नळ्यांमध्ये हवा आपोआप तयार होत नाही. एकतर ऑइल कुठून तरी गळून पातळी खाली गेलेली असते, नाहीतर एखाद्या थकलेल्या रबरापाशी हवेला वाट मिळालेली असते. समुद्रात बुडणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत जिथून हवा आत येते तिथून खारं पाणीही येतं. त्यामुळे हवा काढणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे, पहिलं नव्हे.

मुंबईतला ट्रेलर धावतो कमी आणि उभा राहतो जास्त. मासेमारीचे मोठे ट्रॉलर ट्रेलरवर चढत नाहीत. पण क्लबांच्या सेफ्टी बोटी, रबरी होड्या, सहा-सात मीटरच्या स्पीड बोटी पावसाळा लागला की पाण्याबाहेर येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, गेटवे-मांडवा लाँचच्या फेऱ्याही पावसाळ्यात थांबतात, आणि या बोटी कुलाब्यापासून वर्सोवा-मढपर्यंत ताडपत्रीखाली ट्रेलरवर बसून राहतात. शेवटची बुडी मे महिन्यात, त्यानंतर चार महिने दमट हवेत जागच्या जागी. झिजून गेलेला ब्रेक लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा भाग) इथे क्वचित दिसतो. दिसतो तो गंजून जाम झालेला.

हे नेमकं कसं होतं ते पाहायचं तर ड्रम उतरवून व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर रेटणारा भाग, बघावा. ड्रमच्या आत, वरच्या बाजूला, अंगठ्याएवढा जाड लोखंडी सिलिंडर असतो, दोन्ही टोकांना रबरी टोप्या. वरून सगळं कोरडं दिसतं. टोपीची कड नखाने उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर चालेल. ऑइलचा थेंब बाहेर आला तर आतला कप, म्हणजे पिस्टनपाशी बसणारी रबरी वाटी, गळतोय. आणि तपकिरी, दाट, मातीसारखा लगदा निघाला तर पाणी आत गेलंय. पिस्टन बाहेर काढला की सिलिंडरच्या भिंतीवर बरोबर कप टेकतो त्या जागी बारीक खड्डे दिसतात. खड्डा नखाला अडकला की तो सिलिंडर बदलायचा. होन मारून, म्हणजे भिंत आतून घासून, नवीन रबर किट टाकून वापरावा असा मोह होतो, पण होनिंगने ओरखडा जातो, खड्डा जात नाही. खड्डा घालवण्याइतकं घासलं की भोक मोठं होतं आणि नवा कपही गळतो. गाडीचा व्हील सिलिंडर आठ-दहा वर्षं पाण्यात बुडत नाही. याचा दर पंधरवड्याला बुडतो. तेव्हा इथे काटकसर नको.

ड्रम उघडलाच आहे तर लायनरही नीट पाहून घ्यावेत. ज्या ड्रममध्ये दोन्ही लायनरांच्या पट्ट्या लहान-मोठ्या असतात, तिथे आखूड पट्टीचा पुढच्या बाजूला आणि लांब पट्टीचा मागच्या बाजूला येतो. उलटे बसवले तरी चाक फिरतं, काही आवाज येत नाही, ब्रेक फक्त कमी लागतो. पॅडल नसल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. ऑइल किंवा ग्रीस प्यायलेला लायनर मात्र पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नये. गरम झाला की आत मुरलेलं तेल परत वर येतं. लायनर जोडीने बदलायचे, म्हणजे एका धुरीच्या दोन्ही चाकांचे.

यानंतर ड्रमचं ॲडजस्टमेंट, आणि हे हवा काढण्याच्या आधी. लायनर आणि ड्रम यांच्यातली फट वाढलेली असेल तर मास्टर सिलिंडरचा सगळा फटका (स्ट्रोक) ती फट भरण्यातच संपतो. दांडी खोल जाते, नरम लागते, आणि सगळे म्हणतात हवा आहे. तासभर ऑइल ओतून बुडबुडा एकही निघत नाही. बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या, फटीतून आतल्या दातेरी चाकीला (स्टार व्हील) स्क्रूड्रायव्हरने फिरवत चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा, मग साधारण दहा दाते मागे घ्या. चाकाने हलकासा घासल्याचा आवाज करत मोकळं फिरावं. हे करताना चाक नेहमी पुढच्या दिशेनेच फिरवायचं.

आता हवा. सामान थोडं लागतं: मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं ब्रेक ऑइल, दोन चाकांना अर्धा लिटर, चार चाकांना एक लिटर; निपलवर (चाकापाशी हवा काढायचा पोकळ स्क्रू) घट्ट बसेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी; काचेची बाटली; आणि रिंग पाना. ओपन पाना निपलला लावू नये, कडा गोल होतात. ट्रेलर सपाट जागी, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. आणि कपलिंगजवळची आपत्कालीन केबल तपासून घ्या. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ती ओढली जाऊन ब्रेक लागतो. ती कधीतरी चुकून ओढली गेली असेल तर दांडी आत दाबलेलीच राहते, मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बंद राहतं, आणि मग वर कितीही ऑइल भरा, खाली उतरत नाही. अनेकांचा अर्धा दिवस इथेच जातो. छिद्र उघडं असल्याची खूण सोपी आहे: झाकण काढून दांडी हळूच दाबली की टाकीत ऑइलचा इवलासा कारंजा उसळतो.

मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब, त्यापासून सुरुवात. लांब म्हणजे नळीच्या मार्गाने लांब. दोन धुरींचा ट्रेलर असेल तर आधी मागची धुरी. निपलवर नळी चढवा, तिला आधी वर वळण द्या आणि मग बाटलीत सोडा. बाटलीत तळाला दोन बोटं ऑइल असावं आणि नळीचं टोक त्यात बुडलेलं असावं. एकजण कपलिंगपाशी, दुसरा चाकापाशी. बऱ्याच कपलिंगना खालच्या बाजूला फट असते. तिच्यातून लांब, जाड स्क्रूड्रायव्हर घालून दांडी मास्टर सिलिंडरकडे रेटता येते. ‘दाब’ म्हटलं की पहिल्याने सावकाश दाबायचं आणि धरून ठेवायचं. चाकापाशी निपल पाव फेरा उघडायचा. नळीत आधी काळपट ऑइल येतं, मग मोठे बुडबुडे, मग साबणाच्या फेसासारखी बारीक साखळी. ऑइल थांबायच्या आत निपल बंद. त्यानंतरच ‘सोड’. हा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडा असताना दांडी सुटली, की काढलेली हवा परत आत.

घाई इथे अंगाशी येते. भराभर दाबलं की ऑइल घुसळलं जातं, एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर लहान होतात आणि ते नळीच्या भिंतीला चिकटून बसतात. असं झालं तर पंधरा मिनिटं थांबा, बारीक बुडबुडे एकत्र येऊन वर सरकतात. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही; पाच-सहा फटक्यांनंतर भरायची. बाटलीतलं काढलेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकीत नाही. दर चाकाला शंभर-दीडशे मिलिलिटर ताजं ऑइल निघून जाऊ द्या. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं नाही, रंगही बदलायला हवा. आणि ऑइल ट्रेलरच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते रंग सोलतं, पण पाण्यात विरघळतं.

व्हॅक्यूम पंपाने एकट्याला हे काम करता येतं, पण निपलच्या आट्यांमधून हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. माणूस असेल तर दोघांनीच करावं.

डिस्क ब्रेकच्या ट्रेलरवर एक चूक वारंवार होते. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने पकडणारे भाग, दुरुस्तीला काढले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला. बोल्ट बसतात, पॅड बसतात, सगळं जुळतं. फक्त निपल वर यायच्या ऐवजी खाली येतो. हवा कॅलिपरच्या वरच्या पोकळीत राहते आणि निपलमधून स्वच्छ ऑइल येत राहतं. दोन लिटर घातले तरी ब्रेक नरमच. निपल वर आहे ना, हे पाहायला दोन सेकंद लागतात. तसंच, ड्रमच्या जागी डिस्क बसवल्या असतील तर मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी असलेली छोटी झडप काढावी लागते. ड्रमसाठी ती नळ्यांत साधारण १० पीएसआय दाब राखते, म्हणजे कप भिंतीला टेकलेले राहतात. डिस्कला तोच दाब पॅड घासत ठेवतो आणि चाक तापतं.

नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी निपल उघडा, म्हणजे तळाचा गाळ उलटा वर जाणार नाही. आणि पिस्टनचा बाहेर राहिलेला भाग नीट पाहा. तिथे गंजाची खरखर असेल तर मागे ढकलल्यावर तीच खरखर सीलवर येऊन बसते. गळती त्याच दिवशी दिसत नाही, आठवड्याने दिसते.

निपल जाम असणं हा तर नियमच. पाना लावला, जोर केला आणि निपल तुटून निम्मा आत राहिला की व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर गेला. म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, निपलच्या डोक्यावर लहान हातोडीने हलक्या टिचक्या द्या. सैल करण्याआधी किंचित घट्ट करून पाहा, गंजाची पकड बऱ्याचदा तशी सुटते. काम झाल्यावर निपलवर रबरी टोपी हवीच. ती हरवलेली असेल तर निपलचं भोक खाऱ्या मातीने भरतं. मुंबईच्या बंदराचं पाणी गढूळ आहे. तो बारीक गाळ सुकला की सिमेंटसारखा बसतो.

गाळ ड्रममध्येही बसतो, आणि ड्रमचा आकार वाटीसारखा असल्यामुळे बाहेर पडायला त्याला वाट मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात इथे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला बोट काढायची तर ट्रेलर शेवाळलेल्या उताराच्या तळापर्यंत, चिखलात न्यावा लागतो. शक्य असेल तर भरतीची वेळ साधा. पाण्यात नेण्याआधी ट्रेलर पंधरा-वीस मिनिटं उभा राहू द्या. रस्त्यावरून आलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. बेअरिंगचं ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर हेच झालेलं असतं. वर आल्यावर गोड्या पाण्याने ड्रम आतून धुवायला हवेत. नळ नसेल तर झाडांना औषध मारायचा दहा लिटरचा पंप पुरतो. बॅकप्लेटच्या फटीतून नोझल घालून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत मारायचं, आणि मग ट्रेलर थोडा ओढून दोन-चार वेळा ब्रेक लावायचे, म्हणजे लायनर कोरडे होतात.

नळ्यांबद्दल आग्रहाने सांगायला हवं, कारण इथे जुगाड फार चालतो. लोखंडी नळी वरून ठीक दिसते आणि क्लिपखाली कुजते, जिथे मीठ आणि ओल अडकून राहते. प्रत्येक क्लिप सोडवून पाहा. बदलायची तर तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्या. ती हाताने वाकते आणि गंजत नाही. एसी-फ्रिजच्या दुकानातली साधी तांब्याची नळी घेऊ नये. दिसायला तीच, स्वस्त, पण सततच्या थरथरीने कडक होऊन चिरते. जोड द्यायचा तर तोंड दुहेरी दुमडूनच. अंगठी दाबून बसवायचे प्लंबिंगचे जोड ब्रेकच्या दाबाला नाहीत. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको. इथे आटे गळती थांबवत नाहीत, दुमडलेलं तोंड थांबवतं, आणि टेपचा तुकडा सुटला तर बारीक छिद्रात जाऊन बसतो. अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरवर नळीचा नट बहुधा ३/८ इंची असतो, आपल्या गाड्यांचा १० मिलिमीटरचा. दोघांत अर्धा मिलिमीटरही फरक नाही. नागदेवी स्ट्रीटला जाताना जुना नट खिशात असावा, नुसतं माप तोंडी सांगून चालत नाही. तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे.

रबरी होजचा दोष बाहेरून कळत नाही. आतलं अस्तर फुगलं की होज एकाच दिशेने चालते: दाब जातो, परत येत नाही. ते एकच चाक तापत राहतं. चार-पाच किलोमीटर चालवून चारही हबजवळ हात नेऊन पाहा. तापलेल्या चाकाचा निपल उघडल्यावर ऑइल चिळकांडी मारून आलं आणि चाक मोकळं झालं, तर होज बदला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पवना किंवा मुळशीच्या पाण्यावरून बोट परत आणताना बोरघाट उतरायचा असतो, आणि उतारावर पुढची गाडी धरून ठेवते तेव्हा ट्रेलर सतत तिच्यावर रेलतो, म्हणजे त्याचा ब्रेक सतत लागलेला असतो. चाकापाशी ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ट्रेलरचा ब्रेक नाहीसा होतो. खालचा गिअर, मध्ये थांबे, आणि वर्षातून एकदा पूर्ण ऑइल बदल. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नये. डबा लहान घ्या. पावसाळ्यात उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या हंगामाला वापरायचा नाही.

ऑइल बदलायचं कधी, यावर दोन मतं आहेत. बहुतेक जण हंगाम सुरू होताना, नारळी पौर्णिमेनंतर बदलतात. माझं मत मे महिन्याच्या बाजूने आहे. शेवटची बुडी झाली, ट्रेलर धुतला, की लगेच. पाणी मुरलेलं ऑइल घेऊन ट्रेलर चार महिने उभा राहिला तर खड्डे त्याच काळात पडतात. ऑक्टोबरात घातलेलं ताजं ऑइल ते बुजवत नाही. टाकीच्या झाकणाला हवेचं छिद्र असतं, त्यावर पावसाची धार पडणार नाही असं काहीतरी झाकण घाला. ट्रेलर ब्रेक लावून उभा ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात, ठोकळे लावा. महिन्यातून एकदा वीस-तीस फूट ओढून परत ठेवा.

शेवटी तपासणी. कपलिंगच्या सरकत्या भागावर, तो पूर्ण बाहेर असताना, पांढऱ्या रंगाची रेघ मारा. रिकाम्या रस्त्यावर तीन-चार वेळा नेहमीसारखा ब्रेक लावून थांबा, दरवेळी दुसऱ्या माणसाने रेघ किती आत जाते ते पाहायचं. साधारण इंचापेक्षा जास्त जात असेल तर ॲडजस्टमेंट किंवा हवा, दोन्ही पुन्हा बघा. डिस्कच्या ट्रेलरला मागे घेताना ब्रेक लागू नये म्हणून बारा व्होल्टची झडप असते, ती रिव्हर्सच्या दिव्यावर चालते. दिव्यांचा प्लग काढून गाडी हळूच मागे घ्या: ट्रेलरने अडून बसायला हवं. प्लग लावून पुन्हा मागे घ्या: आता मोकळा चालायला हवा. पहिल्यात अडला नाही तर ब्रेकमध्ये दोष, दुसऱ्यात अडला तर वायरिंगमध्ये. आणि तो दोष उतारावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना सापडण्यापेक्षा इथे सापडलेला बरा. रेघ किती आत गेली ते तारखेसह ट्रेलरच्या फ्रेमवर मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहता येईल.